हातचा

होलीहेडच्या आमच्या शाळेत सभागृह एकच.
मार्चमध्ये ते नाटकाचं, मेपासून परीक्षेचं.
मधले चार दिवस माझे.
मी गेथिन, इथला केअरटेकर,
किल्ल्यांचा जुडगा आणि दोन दुखरे गुडघे.

यंदाही फरशीवर बसून
पिवळ्या चिकटपट्टीच्या खुणा खरवडत होतो.
हेलेडनं लावलेल्या. प्रत्येकीवर पेनानं बारीक अक्षर:
इथे राणी थांबते. इथे कंदील.
इथे मरायचं, पण डोकं डावीकडे.
मग त्याच जागी एकशे दहा बाकं,
अंतर दोरी लावून मोजलेलं.

सत्तेचाळीस नंबरच्या बाकाखाली
एक खूण निघेना.
म्हणजे, निघाली असती.
मीच हात आखडता घेतला.

जूनमध्ये, भूगोलाच्या पेपराला,
दाराच्या काचेतून पाहिलं तर पोरगी नेमकी तिथेच.
नदीची वळणं लिहिताना एक बूट काढलेला,
अंगठा त्या खुणेवर,
आणि चेहरा असा
की आता कुणीतरी दिवे लावेल.

कॉलेजची अट होती: बी, बी आणि सी.
ऑडिशनला ती रडली होती म्हणे, खोटंखोटं,
आणि समोरच्या तिघांपैकी एकानं रुमाल काढला.
जागा दिली. पण अक्षरांच्या बोलीवर.

ऑगस्टातला गुरुवार. आई डब्लिनच्या बोटीवर,
कँटीनमध्ये अंडी तळत,
मधल्या समुद्रात, जिथे फोन म्हणजे नुसती काच.
म्हणून पाकीट माझ्या बॉयलरच्या खोलीत फुटलं.

नाटक ए.
इंग्रजी सी.
भूगोल सी.

"संपलं," ती म्हणाली. नाटकात म्हणतात तसं नाही,
दुकान बंद करताना म्हणतात तसं.

काठावर पास होणं आमच्याकडे नवं नाही,
गावच काठावर.
पुढे पाणी, मागे रेल्वेचं शेवटचं स्टेशन.
माझा बाप गोदीत गेला, भाऊ गोदीत,
मी कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत.
कुणी आम्हाला अट घातली नाही कधी.
जागाच नव्हती, तर अट कसली?

फ्यूजच्या यादीमागे मी पेन्सिलीनं मांडलं.
ए-चे अठ्ठेचाळीस. सी-चे बत्तीस. पुन्हा बत्तीस.
आठ नि दोन नि दोन, बारा. बाराचे दोन, हातचा एक.
चार, तीन, तीन, दहा. आणि हातचा.
एकशे बारा.
मग त्यांनी मागितलेले: चाळीस, चाळीस, बत्तीस.
एकशे बारा.

ती कागदाकडे बघत राहिली,
संवाद विसरल्यावर विंगेतून कुणी पुटपुटावं तशी.
"पण त्यांनी अक्षरं मागितलीत, गेथिन. गुण नाही."
"विचार तर."

फोन लागला चौदाव्यांदा.
नाव तिनं तीनदा फोडून सांगितलं,
हेलेड रोलंट्स, एकेक अक्षर,
आवाजात विनवणी नाही, हातचं राखून काही नाही.
"थांबा," पलीकडची बाई म्हणाली, "विचारून येते."
मग व्हायोलिन. तेच तेच व्हायोलिन.

बॉयलर घरघरत होता, ऐकू येईना.
मी सभागृह उघडून दिलं.
रिकामं, मेणाचा वास,
बाकं भिंतीशी रचलेली.
तिनं शोधलं नाही, सरळ गेली,
बूट काढला आणि खुणेवर उभी राहिली, फोन कानाशी.
दार मी बाहेरून ओढून घेतलं.

अकरा मिनिटं.
मग आतून रडणं ऐकू आलं.
पण त्या पोरीच्या रडण्याचं काय सांगावं?
रुमाल काढणारे तिकडे तीन शहाणे बसले होते,
त्यांनाही कळलं नव्हतं.

मी काचेतून पाहिलं नाही.
बंदरावर अडीचची बोट भोंगा देत होती.
खिशातली खरवडणी काढून
पुन्हा कपाटात टांगली,
आणि चहाला तीन कप ठेवले.